पाणसड्याचं अर्थिंग

पाणसडे गावात वीज जमिनीत उतरत नाही, सगुणा मांडवकर यांच्यात उतरते. ग्रामपंचायतीच्या दप्तरी तशी नोंद आहे आणि तालुक्याच्या अभियंता मुकादम मॅडमची त्यावर सही आहे.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली जयवंत भुवडच्या. भुवड कंत्राटदाराकडे तंत्रज्ञ होता. गावोगावच्या ग्रामपंचायतींत इंटरनेटचं कपाट बसवायचं, शेजारी लोखंडी खांब उभा करायचा आणि दोन्हींचं अर्थिंग करून द्यायचं, हे त्याचं काम. वय सत्तेचाळीस, बोलणं मोजकं. सप्टेंबरच्या मध्यावर तो पाणसड्यात आला तेव्हा सड्यावरचं, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावरचं, गवत नुकतंच पिवळं पडू लागलं होतं. गावात आधी बसवलेलं यंत्र गेल्या वर्षी परतीच्या पावसात वीज पडून जळालं होतं. तेव्हापासून रेशनसाठी अंगठा लावायलाही माणसं डोंगर उतरून खालच्या गावात जात. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन जावं लागे.

भुवडने कार्यालयाच्या मागे, भिंतीपासून पाच फूट सोडून खड्डा घेतला. वर चार बोटं माती आणि खाली सगळा जांभा दगड. दोन दिवस पहार चालवून त्याने तांब्याची नळी उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, वरून बारा घागरी पाणी ओतलं आणि मीटर लावला. आकडा आला शहाऐंशी. पाचाच्या आत हवा होता. त्याने दुसरीकडे खड्डा घेतला. तिथे एकशे बारा आला.

हा आकडा म्हणजे जमिनीचा अडथळा. तो जेवढा मोठा, तेवढं जमीन विजेला अडवून धरते. पाचाच्या आत असला की आत कुठे वायर उघडी पडली तरी वीज निमूट खाली निघून जाते, आणि कपाटाच्या दाराला हात लावणारा माणूस घरी परततो. भुवड हे बाकी कुणापेक्षा नीट जाणून होता.

तिसऱ्या दिवशी सगुणाबाई खड्ड्यात पाणी ओतायला आल्या. त्या ग्रामपंचायतीच्या शिपाई. झाडलोट करायच्या, पाणी भरायच्या, चहा करायच्या. वय अठ्ठावन्न. घागर वाकडी करताना तोल जाऊ नये म्हणून त्यांनी तांब्याची वायर धरली. पायात चप्पल नव्हती. मीटरवर आकडा आला शून्य पूर्णांक तीन.

"मावशी, जरा सोडा वायर," भुवड म्हणाला.

एकशे बारा.

"आता धरा."

शून्य पूर्णांक तीन.

त्याने हे नऊ वेळा करून पाहिलं. मीटरचे सेल बदलले. मग तो आत जाऊन ग्रामसेवक चौगुल्यांना म्हणाला, "जमीन घेत नाहीये. पण मावशी घेतात."

चौगुले कोल्हापूरकडचे. कागद पुरा झाला पाहिजे, बाकी त्यांचं कशाबद्दल फारसं म्हणणं नसे. त्यांनी पूर्णत्वाचा फॉर्म काढला. 'अर्थिंगचा प्रकार' या रकान्यात नळी, पट्टी, रासायनिक आणि इतर असे पर्याय होते. चौगुल्यांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढे 'मनुष्य' असं लिहिलं. आठ दिवसांनी फॉर्म तालुक्याहून परत आला. मुकादम मॅडमनी शेरा मारला होता: 'मनुष्य हा शब्द मोघम आहे. पदनाम लिहावे.' चौगुल्यांनी तो खोडून 'शिपाई (कंत्राटी)' केलं आणि फॉर्म मंजूर झाला.

नियमाप्रमाणे बाकीचं सगळं करण्यात आलं. अर्थिंग भिंतीपासून पाच फुटांवर असावं, म्हणून सगुणाबाईंची खुर्ची बाहेर त्या अंतरावर ठेवली. वर झाकण असावं, म्हणून पत्र्याचं छप्पर घातलं. क्रमांक आणि तपासणीची तारीख दिसली पाहिजे, म्हणून खुर्चीच्या पाठीला 'अर्थ क्र. १' अशी पाटी आली. ओलावा राहण्यासाठी दर दोन तासांनी त्यांना मीठ घातलेलं लिंबूपाणी देण्याचं ठरलं. भुवडने त्यांच्या उजव्या घोट्यात तांब्याचं कडं बसवलं, त्यात हिरवी वायर घट्ट आवळली आणि दुसरं टोक कपाटाला जोडलं. कपाट ऑफिसच्या वेळात चाले. साडेपाचला ते बंद करायचं, मग कडं सोडायचं, मग सगुणाबाई घरी. क्रम चुकवायचा नाही, हे भुवडने चौगुल्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं.

"त्रास होतो का?" पहिल्या दिवशी त्याने विचारलं.

"मुंग्या येतात पायाला," सगुणाबाई म्हणाल्या. "पण ते नेहमीचंच. कोणी सांगून गेलं की येतातच."

सांगून जाणं म्हणजे काय, ते भुवडला चार दिवसांत कळलं. गावातली माणसं सगुणाबाईंकडे येऊन आपलं दुःख सांगत. हे तीस वर्षं चाललं होतं. कुणाचं मूल दगावलेलं, कुणाचा नवरा बोटीवर गेला तो परत न आलेला, कुणी भावाला जमिनीवरून घराबाहेर काढून आता पस्तावलेला. माणूस यायचा, शेजारी बसून बोलायचा आणि पदराने किंवा टॉवेलने तोंड पुसून हलका होऊन जायचा. सगुणाबाई काही सल्ला देत नसत. "असू दे," एवढंच म्हणत. आता त्या दिवसभर एका जागी बसलेल्या सापडू लागल्यामुळे माणसं जास्तच येऊ लागली. आठवड्याच्या मोजणीत आकडा शून्य पूर्णांक दोनवर आला. मुकादम मॅडमनी फोनवर समाधान व्यक्त केलं. सगुणाबाईंची पावलं मात्र दुपारच्या उन्हातही गार लागत. कडं तपासताना भुवडच्या हाताला ते जाणवे, आणि तो मान वर करत नसे.

कपाट चालू झालं. रेशनचा अंगठा गावातच लागू लागला. राहिला होता खांब.

खांब चाळीस फुटी. त्याच्या टोकावर वीज अटकाव यंत्र, म्हणजे आकाशातली वीज झेलणारा तांब्याचा भाला. ती वीजही कुठेतरी उतरवावी लागते. तपासणीला मुकादम मॅडम स्वतः आल्या. चौगुल्यांनी त्यांच्यापुढे सोपा उपाय ठेवला. "मांडवकर बाईंचा डावा पाय मोकळाच हाय की. उजवा कपाटाला, डावा खांबाला."

मुकादम मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडलं. बाई तिशीतल्या, आवाज मऊ, वाचताना बोट ओळीवर. "कपाटाचं आणि खांबाचं अर्थिंग वेगळं लागतं. दोन्हींत सोळा फुटांचं अंतर लागतं. एका माणसाच्या दोन पायांत सोळा फूट होत नाहीत."

"मग?"

"दुसरा माणूस पाहा. दहाच्या आतला."

शाळेच्या पडवीत सगळ्या गावाची मोजणी झाली. माणसं चपला काढून रांगेने येत, वायर धरत, भुवड आकडा वाचे आणि चौगुले लिहून घेत. सरपंच संजीवनी गुरव यांचा आकडा नऊशेच्या पुढे. तीन मुलं गमावलेल्या बाईचा आठशे चाळीस. भावाला घराबाहेर काढणाऱ्याचा मीटरच्या आवाक्याबाहेर. म्हातारे, सुना, भजनी मंडळ, कुणीच शंभराच्या खाली येईना. सगळ्यांनी आपलं जे होतं ते सगुणाबाईंकडे देऊन टाकलं होतं. अंगात काही उरलंच नव्हतं. चौगुल्यांनी स्वतःचाही आकडा काढला. सातशे. ते दर शनिवारी घरी जाऊन बायकोला सगळं सांगत.

मुकादम मॅडमनी यादी शेवटपर्यंत वाचली. "पंधरा तारखेपर्यंत खांबाचं अर्थिंग झालं नाही तर सामान दुसऱ्या गावाला द्यायचा आदेश आहे. आणि अर्थिंग एकच असेल, तर ते आधी विजेला द्यावं लागतं. कपाटाचं मग बघता येईल."

म्हणजे सगुणाबाईंची खुर्ची खांबाखाली जाणार होती. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"बसायचंच ना," सगुणाबाई म्हणाल्या. "इथं काय नि तिथं काय."

सरपंचबाईंनी मान खाली घातली. बाकीचे आपापल्या चपला शोधू लागले. माणसं वाईट नव्हती, पण पाठीवर म्हातारी घेऊन डोंगर उतरण्याची आठवण ताजी होती. शिवाय जे काही व्हायचं ते सगुणाबाईंमधून व्हायचं, याची त्यांना फार वर्षांची सवय होती.

भुवडने चपला काढल्या. उठून त्याने मीटर चौगुल्यांच्या हातात दिला आणि वायर स्वतः धरली.

"दोन पूर्णांक आठ," चौगुल्यांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. "अहो भुवड, तुम्ही तर एकदम पास."

भुवडला नवल वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी असंच एका गावातलं कपाट त्याने बसवलं होतं. खाली गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता, पुढच्या दिवशी दोन गावं करायची होती. मीटर लावायला जमिनीत ठोकायच्या खुंट्या त्याने ठोकल्याच नाहीत. अहवालात अंदाजाने 'दोन' लिहिलं आणि सही केली. चार महिन्यांनी आत उंदराने वायर कुरतडली, वीज कपाटाच्या पत्र्यात आली आणि तिला खाली जायला वाट नव्हती. संगणक चालवणारी मुलगी सकाळी दार उघडायला गेली. प्राजक्ता तिचं नाव, वय बावीस. चौकशीत उंदीर सापडला, तो कारण म्हणून पुरेसा ठरला आणि भुवडला कुणी काही विचारलं नाही. त्यानेही कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

दुसऱ्या दिवशी 'अर्थ क्र. २' अशी पाटी तयार झाली. कंत्राटदाराने भुवडला ऑक्टोबरपुरता पाणसड्यात ठेवायला हरकत घेतली नाही, पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी पाहू म्हणाला. त्याची खुर्ची सगुणाबाईंच्या समोर सोळा फुटांवर लागली. खांबाला खाली बिजागरी होती. साडेपाचला खांब आडवा करायचा आणि सकाळी पुन्हा उभा, असं ठरलं. सड्यावर वीज पडते ती बहुतेक दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, असं गावाचं म्हणणं होतं.

दोघं समोरासमोर बसत. सकाळी ऊन, दुपारी दक्षिणेकडून ढग. एक दिवस माणसांची ये-जा थांबल्यावर सगुणाबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यात कायतरी हाय. मीटरनं दाखवलं."

"असेल."

"बोला की मग. मला काय, आणखी एक."

भुवडच्या तोंडापर्यंत आलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. पण बोललं की काय होतं ते त्याने शाळेच्या पडवीत रांगेने पाहिलं होतं. तो हलका झाला असता, त्याचा आकडा शेकड्यांत गेला असता, आणि सगुणाबाईंना उठवून या खुर्चीत बसवलं असतं.

"नाही मावशी. काही नाही."

"मग असू दे," त्या म्हणाल्या.

चौदा ऑक्टोबरला दुपारी अडीचच्या एस.टी.ने एक वृद्ध गृहस्थ आले. धुवट सदरा, हातात कापडी पिशवी, पिशवीत कागद. ते चौकशी करत मागच्या बाजूला आले, पाटी वाचली आणि भुवडसमोर उभे राहिले.

"जयवंत भुवड आपणच का? मी दत्ताराम शिगवण. प्राजक्ताचा वडील."

भुवड उठू शकत नव्हता. घोट्यात कडं होतं. त्याने नमस्कार केला.

शिगवण शेजारच्या जांभ्याच्या दगडावर बसले. "चौकशीच्या कागदांत तुमची सही होती. तुमचा पत्ता काढायला वेळ लागला. मी भांडायला नाही आलो. मला एकच विचारायचं होतं." त्यांनी पिशवी मांडीवर नीट घेतली. "त्या दिवशी तिला ताप होता. जाऊ का नको, म्हणाली. मीच म्हटलं, जा, नवी नोकरी आहे, सुट्टी घेऊ नये. मी तिला पाठवलं. आता मला असं विचारायचंय की त्या दिवशी ती गेली नसती, तर वाचली असती का? का त्या कपाटातच काही होतं, आणि कधीतरी होणारच होतं?"

दक्षिणेकडचं आभाळ काळं झालं होतं. खांबाचं टोक त्या काळ्यात पांढरं दिसत होतं. कपाटाच्या खोलीबाहेर अंगठा लावायला सातआठ माणसं उभी होती. समोर सगुणाबाई लिंबूपाण्याचा पेला धरून बसल्या होत्या आणि इकडे बघत नव्हत्या.

"काका, साडेपाचपर्यंत थांबाल?" भुवड म्हणाला. "खांब उतरवला की आपण सावकाश बोलू."

"सव्वाचारची गाडी शेवटची. घरी तिची आई एकटी आहे. तुम्ही हो का नाही तेवढं सांगा. मी लगेच निघतो."

भुवडने उत्तर तोंडात जुळवलं. कपाटात होतं. कपाटात नव्हतं ते मी लिहिलं होतं. तुमचा काही दोष नाही. एवढी तीन वाक्यं पुरली असती. डोंगरापलीकडे पहिली गडगड झाली. सगुणाबाईंनी पेला खाली ठेवला आणि पाय जवळ घेतले.

"उंदीर होता," भुवड म्हणाला. "चौकशीत आलंय तेच. कपाट ठीक होतं."

शिगवणांनी पिशवीचं तोंड दुमडून बंद केलं. "म्हणजे त्या दिवसाचंच होतं," ते म्हणाले. "बरं झालं विचारलं."

आपण सगुणाबाईंसाठी गप्प बसलो, असं भुवडला स्वतःला सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण ही सबब नसती तर आपण बोललो असतो का, हे त्याला कळेना. ते कळायची आता काही सोय उरली नव्हती.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी, शिगवण गाडीच्या वेळेपर्यंत दगडावर थांबलेले असतानाच, वीज पडली. आवाज गावभर झाला, भुवडला तो ऐकू आला नाही. त्याला एवढंच जाणवलं की वरून काहीतरी फार मोठं आणि फार घाईत असलेलं आलं, आत जागा शोधत शोधत खाली गेलं, आणि जे आधीपासून तिथे होतं त्याला धक्कासुद्धा लागला नाही. डोळे उघडले तेव्हा तळव्यांखालचा दगड कोमट होता. आत कपाटावरचे हिरवे दिवे लागलेलेच होते. रांगेतल्या बाईने अंगठा पुन्हा ठेवला आणि यंत्राने तो घेतला.

वीज पडल्यावर लगेच मोजणी करायची असते. चौगुले मीटर घेऊन धावत आले. भुवड अजून खुर्चीत मागे टेकलेला होता, म्हणून शिगवणांनी वाकून त्याच्या पायाजवळची वायर उचलून धरली. सड्यावर चालताना पाय घसरतो म्हणून त्यांनी चपला आधीच काढून ठेवल्या होत्या. चौगुल्यांनी आकडा वाचला आणि भुवडकडे पाहिलं.

"हा तुमचा नाही. तुमच्या घोट्याची वायर सुटलेली दिसते." त्यांनी शिगवणांकडे पाहिलं. "पाव्हणं, तुम्ही कुठले?"

आकडा होता शून्य पूर्णांक एक.

चौगुल्यांनी तिथूनच मुकादम मॅडमना फोन लावला. पलीकडच्या कोतळसड्याला चार महिने अर्थिंग मिळत नव्हतं, सामान शाळेत पडून होतं. मॅडमनी फोन शिगवणांना द्यायला सांगितलं. शिगवणांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यात धोका काय, हेही मॅडमनी नियमाप्रमाणे वाचून दाखवलं.

"म्हणजे मग कपाटाला हात लावणाऱ्याला काही होणार नाही?" त्यांनी एवढंच विचारलं.

"तुम्ही बसलेले असाल तोवर नाही," मॅडम म्हणाल्या.

शिगवण हो म्हणाले. जमल्यास आमच्या हिचीही सोय तिथेच करा, घरी आम्ही दोघंच आहोत, असंही म्हणाले. ते नोंदवून घेण्यात आलं.

पुढच्या सोमवारी वारा पडलेला होता. पाणसड्याचा खांब आडवा करून भुवड कोतळसड्याला गेला. गाव तसंच, दगडही तसाच. शिगवण खुर्चीत आधीच बसले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. त्यांची बायको शाळेच्या पायरीवर बसून भाजी निवडत होती. भुवड खाली बसला, त्यांचं पाऊल मांडीवर घेतलं, घोटा कोरड्या फडक्याने पुसला आणि कडं घातलं.

"काका," तो म्हणाला.

"हं?"

मुकादम मॅडम वही उघडून उभ्या होत्या. पुढच्या आठवड्यात गावात पेन्शनची नोंदणी होती. मागे वर्गात मुलांना सांगितलं जात होतं, की आता कपाटाला हात लागला तरी भ्यायचं कारण नाही.

"घट्ट होतंय का?"

"नाही. बसू दे नीट." शिगवण थोडे पुढे झुकले. "मी करायचं काय, साहेब?"

"काही नाही," भुवड म्हणाला. "पाय जमिनीला टेकलेले ठेवायचे. आणि कुणाशी फार बोलायचं नाही."